सात नंबरचे पाय

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो. गुडघे सरळ, तळवे जमिनीला टेकलेले, तोल कुठेही गेला नाही. पन्नाशीच्या आसपास हे किती जणांना जमते, ते भाऊजींना करून बघायला सांग. जवळ खुर्ची ठेव.) तुझी टाच कशी आहे? सकाळी उठल्यावर पहिली चार पावले दुखतात आणि मग विसरायला होते, असेच चालू असेल तर काळजी करू नकोस. भाऊजींच्या मानेचे काय झाले? मागच्या खेपेला ते मला सोडायला फाटकापर्यंत पुढे चालत होते, तेव्हा मी त्यांना मागून नीट पाहिले. त्यांची मान दुखते ती मानेमुळे नाही, उजव्या कमरेमुळे, हे तिथेच सांगणार होतो, पण तू डोळे मोठे केलेस. मुलांना आशीर्वाद. आमच्याकडे सगळे ठीक आहे. म्हणजे माणसे ठीक आहेत, माझी अब्रू तेवढी जरा नरम आहे.

हे सगळे फोनवर सांगता आले असते. पण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, आणि माझे म्हणणे असे आहे की ज्याला वाक्य पूर्ण करता येत नाही त्याची बाजू कोणत्याही न्यायालयात पडणारच. म्हणून पत्र.

अण्णांनी शनिवारी तुला फोन करून जे सांगितले ते खरे आहे. मी भर विभागात, मोठ्या डॉक्टरांसमोर, हात वर करून म्हणालो की या माणसाला आजच्या आज घरी सोडा, आणि त्याला इतके दिवस अडकवून ठेवणाऱ्याला जाब विचारा. तो माणूस म्हणजे आपले जन्मदाते अण्णा होते, हेही खरे. अडकवून ठेवणारा मी होतो, हेही खरे. पण या तीन खऱ्या गोष्टी अण्णा ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात ऐकल्या तर कोणाचाही गैरसमज होईल. तुझा झालाच. तू लगेच तुझ्या भावजयीला कळवलेस की येत्या रविवारी गाडी घेऊन येते आणि त्यांना उचलून स्वतःकडे घेऊन जाते. त्याबद्दल मला काहीही म्हणायचे नाही. तू मोठी आहेस, गाडी तुमची आहे. मी फक्त काय घडले ते लिहितो.

आधी जुने आठवून देतो, म्हणजे नंतर तू ‘मला हे माहीतच नव्हतं’ म्हणायला नको. तीन महिन्यांपूर्वी अण्णा वरच्या खोलीतून खाली आपल्या शिलाईच्या दुकानात येताना चौदा पायऱ्यांपैकी अकरावीवरून घसरले. डाव्या खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले, आत पट्टी बसली, खिळे बसले. तेव्हा अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर तू आणि मी ठरवले की आता हे त्या जिन्यावर एकटे चढायचे नाहीत, कायमचे माझ्या घरी राहायचे. हे आपण त्यांना सांगितले नाही. (सांगणार कोण, यावर आपले वीस मिनिटे भांडण झाले, आठवते ना? तू म्हणालीस, ‘तू बोलघेवडा आहेस, तू सांग.’ मी म्हणालो, ‘तू लाडकी आहेस, तू सांग.’) शेवटी आपण त्यांना सांगितले ते असे, की चालण्याच्या तपासणीत चोवीसपैकी अठरा गुण मिळाले की खुशाल घरी जा. आणि तपासणी करणारा मी.

माझ्या कामाबद्दल तू नेहमी म्हणतेस की दिवसभर लोकांचे पाय बघत बसतो. बरोबर आहे. हाडे मोडलेली, अर्धांगवायूचा झटका आलेली, महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहिलेली माणसे आमच्याकडे पुन्हा चालायला शिकतात, आणि ती नीट चालतात की नाही हे कोणीतरी बघावे लागते. आमच्या लांबट खोलीत जमिनीवर पिवळा पट्टा आहे. पेशंटने पँट गुडघ्याच्या वर दुमडायची, अनवाणी व्हायचे आणि पट्ट्यावरून टोकापर्यंत जाऊन परत यायचे. मी भिंतीपाशी स्टुलावर बसून पाहतो. आधी टाच टेकते की आधी चवडा, गुडघा किती वाकतो, कंबर कुठल्या बाजूला ढळते, वळताना किती पावले लागतात, अशा बारा गोष्टी, प्रत्येकी दोन गुण. यंत्र नाही, तार नाही, काही नाही. फक्त डोळे. बावीस वर्षे मी हे करतो आहे आणि माझी अशी खात्री झाली आहे की माणूस तोंडाने खोटे बोलू शकतो, पायांनी नाही.

ही खात्री बाहेरच्या जगाला पेलत नाही, तो माझा दोष नव्हे. बँकेच्या रांगेत माझ्यापुढच्या गृहस्थांना मी त्यांच्या डाव्या घोट्याबद्दल दोन हिताचे शब्द सांगितले, तर ते दुसऱ्या खिडकीवर गेले (लंगडतच गेले). खालच्या मजल्यावरच्या काकूंना म्हणालो की तुमची कंबर ढळते, त्यावर त्यांचे मिस्टर वर आले. तुझी भावजय रस्त्याने माझ्याबरोबर चालत नाही, माझ्या वीस पावले मागे चालते. कारण विचारले तर म्हणते, ‘पुढे चाललं की पाठीला तुमचे डोळे टोचतात.’

असो. अण्णा माझ्या घरी राहायला आले, रोज सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात येऊ लागले, व्यायाम करू लागले. दर शुक्रवारी तपासणी. पहिल्या शुक्रवारी मी तेरा गुण दिले. दुसऱ्या शुक्रवारी तेरा. तिसऱ्या शुक्रवारीही तेरा. सहाव्या शुक्रवारी पँटचे दुमडलेले पाय खाली करता करता अण्णांनी विचारले,

‘किती?’

‘तेरा.’

‘पन्नास वर्षं मापं घेतली मी. एकाच माणसाचं पोट सकाळी वेगळं, जेवल्यावर वेगळं. आणि माझा पाय सहा आठवडे तेराच्या तेरा. पाय आहे का पुतळा?’

मी त्यांना समजावले की सुधारणेला वेळ लागतो. ते म्हणाले, ‘मोजलंस का पण?’ मी म्हणालो, यात मोजायचे नसते, बघायचे असते. ते म्हणाले, ‘बघून मी कधी कापडाला कात्री लावली नाही.’ त्यावर मी त्यांना कापड आणि मानवी शरीर यांतला फरक सविस्तर सांगितला. सांगून झाल्यावर पाहतो तर खोलीत मी आणि माझे स्टूल एवढेच होतो.

घरी त्यांनी मागची खोली ताब्यात घेतली. तिथे तुझ्या भावजयीचे शिलाई मशीन होते, तेवढेच त्यांना पुरे झाले. पहिल्या पंधरवड्यात त्यांनी माझ्या सगळ्या पँटी उसवून पुन्हा शिवल्या, कारण ज्याने शिवल्या तो त्यांच्या मते शिंपी नव्हता, सुतार होता. मग दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरांचा एप्रन बगलेत काचतो हे त्यांनी लांबूनच ओळखले आणि तो घरी आणून नीट केला. तिथून पुढे आठ दिवसांत सगळ्या सिस्टर त्यांच्या बाजूच्या झाल्या. मी वॉर्डात शिरलो की एप्रनमधल्या बायका माझ्याकडे अशा बघत, जणू मी कोणाचा तरी बाप पळवून आणला आहे.

आता गालिचेवाल्याकडे येतो, कारण सगळ्या अनर्थाचे मूळ तो आहे. महिन्याभरापूर्वी एक तरतरीत माणूस आमच्याकडे एक लांबलचक गालिचा घेऊन आला. गालिच्याच्या पोटात तारा, तारांच्या टोकाला संगणक. पेशंटने नुसते त्यावरून चालायचे, की कुठल्या पायावर किती वजन, किती वेळ, किती अंतर, सगळे पडद्यावर रंगीत ठिपक्यांत. मोठ्या डॉक्टरांना रंगीत ठिपके फार आवडतात. त्यांनी बैठक बोलावली. मी बोलायला उभा राहिलो.

ताई, मी त्या दिवशी बोललो तसा मी कधी बोललो नाही. मी म्हणालो, गालिच्याला वजन कळते, माणूस कळत नाही. पेशंट भेटायला आलेल्या नातवाला खिडकीतून बघून दोन पावले भरभर टाकतो, ते गालिच्याला कळणार आहे का? ज्याला आज घरून कोणी भेटायला आले नाही त्याची टाच जड पडते, त्याचा कुठला ठिपका उमटणार आहे? आज तुम्ही डोळ्यांच्या जागी गालिचा ठेवता, उद्या कानांच्या जागी सतरंजी ठेवाल. (हे वाक्य आदल्या दिवशी आंघोळ करताना सुचले होते. बैठकीत ते तितकेसे चालले नाही.) मी सव्वा तास बोललो. अजून दोन मुद्दे शिल्लक होते, तेवढ्यात मोठे डॉक्टर म्हणाले की आपण परीक्षा घेऊन टाकू, पण तुम्ही आता बसा.

परीक्षा अशी ठरली. बारा माणसे गालिच्यावरून चालतील. मध्ये पडदा असेल, तो माणसांना डोक्यापासून कमरेपर्यंत झाकेल, म्हणजे मला फक्त पाय दिसतील आणि तोंड बघून मत बनवल्याचा आरोप कोणी करणार नाही. माझा निकाल, गालिच्याचा निकाल आणि त्या माणसांची खरी कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवायची. डोळे जिंकले तर गालिचा गुंडाळून परत. गालिचा जिंकला तर मी गुंडाळून परत, असे कोणी म्हणाले नाही, पण माझे स्टूल कुठे ठेवायचे याची चर्चा मी दाराबाहेरून ऐकली. गालिचेवाल्याची एकच अट होती. अनवाणी पायांचा घाम त्याच्या तारांना सोसत नाही, तेव्हा सर्वांनी रोजच्या कपड्यांत आणि बुटांत चालावे. मी उदार मनाने होकार दिला. मी म्हणालो, गमबूट घालून आणा, मला दिसेल.

शुक्रवारी सकाळी ऑपरेशन थिएटरमधले हिरवे कापड दोरीवर टाकून पडदा बांधला. दोरी मधोमध लोंबत होती, त्यामुळे चालणारा मधल्या तीन पावलांत गुडघ्यापर्यंत झाकला जाई. ती तीन पावले मी अनुभवाने भरून काढली. माझ्या बाजूला मोठे डॉक्टर, गालिचेवाला आणि विभागातली सगळी मंडळी. पडद्यापलीकडे माणसे जमवण्याचे आणि नंबर पुकारण्याचे काम मोठ्या सिस्टरांकडे.

एक नंबरला मी म्हणालो, गुडघा बदललेला, दोन महिने झाले, उत्तम. बरोबर निघाले. दोन नंबर, जुना अर्धांगवायू. बरोबर. तीन नंबरला म्हणालो, पायातल्या नसेला इजा, चवडा घासतो आहे, तातडीने लक्ष द्या. तो फाटकावरचा पहारेकरी होता आणि त्याने भावाचे बूट घातले होते. हे एक चुकले. पण गालिच्याने त्याच तीन नंबरला ‘लहान मूल’ म्हटले, तेव्हा माझ्या बाजूचे लोक हसले आणि मला चेव आला. चार, पाच, सहा मी धडाधड सांगितले.

मग सात नंबर आला.

ताई, खोटे कशाला बोलू, मी स्टुलावरून उठलो. नीट इस्त्रीची करडी पँट, काळे बूट, आणि त्यात असे पाय की जे आपल्या कामावर निघाले आहेत. टाच शांतपणे टेकत होती, गुडघा हवा तेवढाच वाकत होता, कंबर एका पातळीवर होती. खुब्याचे ऑपरेशन झाले आहे हे मी दुसऱ्या पावलाला ओळखले, डावीकडचे, हेही ओळखले. वळताना चार पावले लागली, ती चारही मोजून टाकलेली, म्हाताऱ्या माणसाची पण घाबरलेल्या माणसाची नाहीत. मी लिहिले, बावीस. आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण समोर इतके लोक बसलेले असताना नुसता आकडा सांगून खाली बसणे माझ्या स्वभावात नाही.

मी म्हणालो, हे पाय पाहा. हा माणूस आमच्या दवाखान्यात का आहे? याला कोणी ठेवले आहे? या पायांना जिना चढता येतो, रस्ता ओलांडता येतो, आपल्या घराचे कुलूप उघडून आत जाता येते. मी याला ओळखत नाही, पण याच्या घरच्यांना ओळखतो. ते याच्यावर प्रेम करतात म्हणून याला कोंडून ठेवतात, आणि कोंडून ठेवण्याला काळजी म्हणतात. मी विचारतो, पडण्याची भीती याच्या पायांत आहे की त्यांच्या पोटात? (इथे टाळ्या पडल्या. औषधांच्या खिडकीवरच्या बाई डोळे पुसत होत्या.) आणि मग ते वाक्य म्हणालो, जे अण्णांनी तुला फोनवर ऐकवले. हातही तेव्हाच वर केला.

मोठ्या सिस्टरांनी पडदा बाजूला केला.

अण्णा उभे होते. चेहरा असा, की गिऱ्हाईक आरशासमोर उभे आहे आणि पँट बरोबर बसली आहे. मी हात खाली घ्यायचा विसरलो होतो. अण्णांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, ‘सही लागेल ना?’

आता तूच सांग, मी काय करायला हवे होते? मोठे डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘बावीस तुमचेच. मग सहा आठवडे तेरा देत होतात, ते कोणाला?’ गालिचेवाल्याचे डोळे चमकले. त्याच्या गालिच्याने सात नंबरला चार पाय दाखवले होते (मागून सिस्टर वही घेऊन चालत होत्या), पण मी जर तिथल्या तिथे म्हणालो असतो की माझा बावीसचा आकडा चुकला, तर तो एका चुकीच्या जोरावर आख्खा गालिचा कायमचा अंथरून गेला असता. बावीस बरोबर असतील तर अण्णा घरी. बावीस चूक असतील तर माझी बावीस वर्षे त्या गालिच्याखाली. मी सही केली. पेन अण्णांचेच वापरले.

शेवटी बारांपैकी नऊ मी बरोबर ओळखले आणि गालिच्याने पाच. गालिचा परत गेला. सगळ्यांनी माझे अभिनंदन केले. असे अभिनंदन माझ्या वैऱ्याचेही होऊ नये.

शनिवारी सकाळी अण्णांनी आपली कात्री, आपली इस्त्री आणि आपला उशीचा अभ्रा पिशवीत भरला. मी टॅक्सीत त्यांच्याबरोबर बसायला गेलो तर म्हणाले, ‘तू नको. तुझ्या पोटात भीती आहे.’ टॅक्सी गेल्यावर मी जिन्यावर उभा राहिलो. तुझी भावजय म्हणाली, ‘तुम्ही काल छान बोललात म्हणे.’ आणि थोड्या वेळाने, ‘या खेपेला खरंही बोललात.’

तर घडले ते एवढेच. यात माझा अपराध असलाच तर तो प्रामाणिकपणाचा आहे. बाकीचे कारस्थान अण्णांचे, मोठ्या सिस्टरांचे आणि (मला दाट संशय आहे) तुझ्या भावजयीचे. रविवारी तू ये आणि तुला योग्य वाटेल ते कर. माझ्या सहीची तू फिकीर करू नकोस, तशी ती कोणाला वाचता येत नाही.

तुझा,
ज्याला कोणी पूर्ण वाक्य बोलू देत नाही असा
धाकटा भाऊ

ता. क. – पाकीट चिकटवणार तोच तुझी भावजय ती करडी पँट घेऊन आली. अण्णांनी ती माझ्याकडे मुद्दाम ठेवून दिली म्हणे, ‘त्याला बघू दे’ असा निरोप देऊन. मी उलटसुलट बघितली, मला काही दिसले नाही. मग तिने टेप आणून लावली. डावा पाय उजव्यापेक्षा अर्धा इंच तोकडा शिवला आहे. ऑपरेशननंतर अण्णांचा डावा पाय खरोखरच अर्धा इंच आखूड झाला आहे, आणि हे त्यांना आमच्या घरी आल्याच्या चौथ्या दिवशी कळले होते, कारण त्यांनी मोजले. बुटात डाव्या टाचेखाली त्यांनी आमच्या रबरी पायपुसण्याचा कोपरा कापून घातला होता. तेवढ्याने कंबर सरळ झाली, लंगडणे थांबले, सगळे जुळले. हा उपाय आमच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात आहे, ताई. आधी दोन्ही पाय टेपने मोजावेत, फरक असेल तर टाचेखाली आधार द्यावा. मी बावीस वर्षांत टेप कधी हातात धरली नाही, कारण मला दिसते. अनवाणी पायांनी त्या पट्ट्यावर ते कितीही चालले असते तरी लंगडलेच असते.

आणि एक. पहिल्या शुक्रवारी तेरा खरेच होते. दुसऱ्या शुक्रवारपासून मी त्यांच्या पायांकडे पाहिलेच नाही. मला ती अकरावी पायरी दिसायची आणि मी तेरा लिहायचो. हे मोठ्या डॉक्टरांना कळता कामा नये, गालिचेवाला अजून शहरातच आहे.

ता. क. दुसरे – आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते लिहितो. रविवारी गाडी आणू नकोस. तू ये, चार दिवस राहा, त्यांच्याशी भांड, त्यांच्या हातचा कडू चहा पी, पण त्यांना उचलून नेऊ नकोस. आपण त्यांना अठरा सांगितले होते आणि त्यांनी बावीस मिळवले. त्या बाकावर आपण दोघांनी जे ठरवले त्यातला माझा अर्धा वाटा मी मागे घेतो. तुझा अर्धा तुझ्यापाशी, पण अर्ध्या निर्णयावर कोणाला गाडीत घालता येत नाही. रागावलीस तर पत्रानेच रागाव.

ता. क. तिसरे – मंगळवार. पत्र अजून खिशातच आहे, कारण पाठवण्याआधी मला एकदा खात्री करून घ्यायची होती. सकाळी कामावर जाण्याऐवजी अण्णांच्या दुकानासमोरच्या किराणा दुकानात जाऊन साबणाच्या खोक्यांमागे उभा राहिलो. साडेनऊला अण्णा जिन्यावर आले. एक हात कठड्यावर, आधी डावा पाय खाली, मग उजवा, चौदाच्या चौदा. अकराव्या पायरीवर जरा थांबले आणि तिच्याकडे बघून पुढे आले. मी मनात एकवीस लिहिले. खाली येऊन त्यांनी रस्ता दोन्हीकडे पाहून ओलांडला, सरळ किराणा दुकानात आले, खोक्यांपाशी उभे राहिले आणि म्हणाले, ‘झालं असेल बघून तर वर चल. चहा टाकतो.’

मी पुढे चढलो, ते मागून. वर पोचल्यावर मी दम खात खुर्चीत बसलो, तर म्हणाले, ‘सोळा. गुडघा वाकत नाहीये तुझा. आणि कठडा दोन्ही हातांनी धरलास.’ सोळा म्हणजे माझ्याच नियमाने मला एकट्याला घरी सोडता येत नव्हते. चहा झाल्यावर अण्णा मला बसथांब्यापर्यंत पोचवायला आले, आणि बस येईपर्यंत माझा दंड धरून उभे राहिले.